जिराफ जिथे संपतो

भिंतीवरचा जिराफ एकशे चाळीस सेंटिमीटरला संपतो.
सिडकोत दवाखाना उघडला, त्या वर्षी पेंटरने काढला होता.
मान आखूड झाली. तो म्हणाला, वर स्विचबोर्ड आहे ना, मॅडम.
मी म्हटलं, चालेल, पोरं एवढीच असतात.

बावीस वर्षं त्याच्यापुढे पोरं उभी केली.
टाचा भिंतीला. हनुवटी खाली. शहाणं बाळ.
डोस वजनावर काढायचा, किलोला पंधरा मिलिग्रॅम.
आया विचारायच्या, दात कधी येतील, बोलेल कधी,
आणि मला उत्तरं यायची.

मग सुजय गांगुर्डे आला, सोळा वर्षांचा,
जिराफाच्या शिंगांवर कोपर टेकवून उभा राहिला.
त्याला गोवराची लस मीच टोचलेली. कार्डावर अक्षर माझं.
आई म्हणाली, खोकला जात नाही याचा.
शर्टाच्या बाहीला वास होता
पंक्चरच्या दुकानातला.
मी स्टेथोस्कोप लावला आणि ऐकत राहिले,
गरजेपेक्षा जास्त वेळ,
कारण पुढचा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता.

लिहून काय दिलं? खोकल्याचं औषध.
त्रिमूर्ती चौक यायच्या आत त्याने बाटली संपवली.
हे त्यानेच सांगितलं, तीन वर्षांनी, हसत.

पन्नाशीत मी पुन्हा वही घेतली.
पाटीवर आधी 'व्यसन' हा शब्द होता,
सहा महिने कुणी जिना चढलं नाही.
पुसून लिहिलं: मोठ्या मुलांसाठी, मंगळवार-शुक्रवार, चार ते सात.
पहिल्याच शुक्रवारी तिघं.

नियम एकच, आईने बाहेर बसायचं.
करताना मलाच धास्ती वाटली,
जन्मभर मी आयांशीच तर बोलत आले होते.
पोरं बोलत नाहीत. बूट बोलतात, नखं बोलतात.
सोल्युशन, व्हाइटनर, बटण,
स्टेशनरीच्या दुकानातले शब्द मी
औषधांच्या यादीत लिहायला शिकले.

वडाळा गावची अलफिया, दहावीला ब्याण्णव टक्के,
आजीच्या डब्यातल्या झोपेच्या गोळ्या मोजून घ्यायची.
अब्बूंना सांगाल?
जिवावर बेतणार असेल तर सांगेन. आधी तुला विचारून.
ती पंख्याकडे बघत राहिली
आणि मग चार गोळ्या टेबलावर ठेवल्या,
बसचे सुटे पैसे ठेवावेत तशा.

अंबडला लेथवर काम करणारा एक बाप म्हणाला,
दोन कानाखाली ओढल्या की सुटेल.
ओढल्यात ना? किती? सुटलं?
तो आपल्या हातांकडे बघत बसला.

'परत सुरू झालं, मॅडम.'
हे वाक्य मी आता 'ताप आला' तसं ऐकते.
ऐकायला फार वर्षं लागली.

मयूरेशची फाईल कपाटात नाही,
टेबलाच्या खणात आहे, स्टेपलरखाली.
दहाव्याला रामकुंडावर गेले होते.
कावळा लगेच शिवला.
कुणीतरी म्हणालं, बरं झालं, काही इच्छा उरली नव्हती पोराची.
सतरा वर्षांच्या?
मी चप्पल शोधत राहिले, पायात असताना.

गेल्या महिन्यात सुजय म्हणाला, मला मोजा ना.
मी स्टुलावर चढले. टाचा भिंतीला, हनुवटी खाली.
शहाणं बाळ म्हणणार होते, नाही म्हटलं.
स्विचबोर्डच्या बाजूला, कोऱ्या चुन्यावर पेन्सिलची रेघ:
एकशे त्र्याहत्तर, आणि तारीख.

त्यानंतरचे दोन मंगळवार तो आला नाही.
फोन त्याची आई उचलते, आणि मी आहे हे कळलं की
आधी स्वतःचं ब्लडप्रेशर सांगते.

आज शुक्रवार. चार वाजून दहा मिनिटं.
घुगे सिस्टर लसींचा फ्रीज पुसतायत.
जिन्यावर पाय वाजतायत कुणाचे तरी,
अर्ध्यावर थांबलेत.
मी दार उघडायला उठत नाही.
उघडंच आहे ते.